डॉम स्कार्पेलोला टेबल हवं होतं

डॉम स्कार्पेलो पहिल्यांदा माझ्या दुकानात आला तेव्हा मला वाटलं, हा काहीतरी परत करायला आलाय. दार धाडकन लावून, बुटांचा चिखल पायपुसण्याला न लावता तो थेट गल्ल्यापाशी आला आणि म्हणाला, "या गावात सगळ्यात चांगलं टेबल कुणाचं?"

मी कॉफी ओतत होते. आम्हा फिनिश घरातल्या लोकांची एक खोड आहे, कॉफी ओतताना कुणी घाई केली की त्याच्याविषयी आमचं मत वाईट होतं आणि ते लवकर बदलत नाही. मी कप काठोकाठ भरला, किटली जागेवर ठेवली आणि म्हटलं, "आधी पाय पूस."

तो मुकाट्यानं मागे गेला आणि पाय पुसून आला. ते एक बरं होतं त्याचं, सांगितलेलं ऐकायचा. फक्त त्याला स्पष्ट सांगावं लागायचं, आणि या डुलूथ गावात स्पष्ट बोलणारी बहुधा मी एकटीच उरले आहे.

माझं दुकान टेबलाभोवती बसून गोष्ट खेळणाऱ्यांचं. फासे, नकाशे, राक्षसांच्या बोटभर मूर्ती, असला माल. खेळात एक जण खेळवणारा असतो. भुयार, पाऊस, राक्षस, दारावरचा शिपाई, सगळं त्याच्या तोंडून येतं. बाकीचे एकेक पात्र होऊन त्या गोष्टीत शिरतात आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. चार-पाच माणसं आठवड्यातून एकदा जमतात, तीच ती माणसं, वर्षानुवर्षं. माझ्या गिऱ्हाइकांतली दोन लग्नं मोडली पण ज्या टेबलावर ती जोडपी भेटली ती टेबलं अजून चालू आहेत. अशा ठिकाणी नव्या माणसाला खुर्ची मिळणं सोपं नसतं, हे डॉमला ठाऊक नव्हतं, कारण त्याला आयुष्यात कधी खुर्ची शोधावीच लागली नव्हती.

तो फिलाडेल्फियाचा. लिफ्ट दुरुस्त करणारा. पन्नाशी उलटलेला, खांदे रुंद, हात सतत कशाशी तरी चाळा करणारे. तिथं त्याच्या स्वयंपाकघरात पंचवीसेक वर्षं दर गुरुवारी टेबल भरायचं आणि खेळवणारा कायम हाच. मग त्याच्या बायकोच्या, कारिनच्या वडिलांना विसर पडायला लागला. कारिन इथलीच, डुलूथची, एकुलती एक. ती बापासाठी परत आली आणि हा तिच्या मागोमाग आला.

"जुन्या लोकांनी मला कॉम्प्युटरवर घेतलं होतं," तो कपातली कॉफी न पिता नुसती ढवळत म्हणाला. "टेबलाच्या टोकाला माझं थोबाड ठेवायचे. हसणं ऐकू यायचं, विनोद ऐकू यायचा नाही. एकदा सगळे पिझ्झा घ्यायला म्हणून उठले आणि मला बंद करायला विसरले. मी रिकाम्या खुर्च्या बघत बसलो, व्हायोलाबाई. माझ्याच घरातून नेलेल्या खुर्च्या."

"मग आता काय, इथं नवं टेबल खेळवणार?"

"नाव काढू नका. खूप राबलो. आता मी खेळणार. दुसऱ्या कुणाच्या तरी भुयारात नुसता कंदील धरून चालणार."

मला ते आवडलं. मी त्याला ग्रेडीचा नंबर दिला. ग्रेडी इस्पितळात नर्स आहे, शनिवारी सकाळी त्याच्या गॅरेजमध्ये खेळ असतो, माणूस देव आहे. डॉम गेला, सोमवारी उड्या मारत परत आला. "काय मजा आली! त्यांना दोन नियम चुकीचे ठाऊक होते, मी नीट करून दिले. लढाईची मांडणीही मीच लावून दिली. जाताना ग्रेडी म्हणाला, हे काहीतरी वेगळंच होतं हं."

आमच्याकडे 'वेगळंच होतं' कधी म्हणतात, हे त्याला सांगायला त्या दिवशी माझी जीभ उचलली नाही. ग्रेडीचा फोन आला नाही तो नाहीच.

मग लुथरन चर्चच्या तळघरातलं टेबल. दोघी बहिणी चालवतात, खेळापेक्षा खाणं जास्त. तिथं यानं प्रत्येकाला सांगितलं की तुझ्या पात्रानं आता काय करावं. एका म्हातारीचं पात्र पुलावर उभं राहून विचार करत होतं, तर हा म्हणाला, "विचार काय करताय, उडी मारा, पलीकडे खजिना असणारच." असतो तसा खजिना, तिथं नेहमी असतो. पण त्या बाईला विचार करायचा होता. खेळ संपल्यावर बहिणींनी उरलेला बटाट्याचा आणि मांसाचा भाजलेला थर डबा भरून त्याच्या हातात दिला. तो डबा नाचवतच हा दुकानात आला.

पुढच्या आठवड्यात त्याला कळवण्यात आलं की खेळाचा वार बदललाय. कुठला वार, ते कळवायचं राहून गेलं.

त्यानंतर त्याच्या पायाला भिंगरीच लागली. कामावरून सुटला की दुकानात यायचा, 'खेळाडू हवेत' अशा चिठ्ठ्यांचा भिंतीवरचा फलक वाचायचा, कालच्याच चिठ्ठ्या, मग फाशांची बरणी हलवायचा, पुस्तकं काढून चुकीच्या कप्प्यात ठेवायचा, खिडकीशी जाऊन समुद्राएवढ्या तळ्यावरची जहाजं बघायचा आणि पुन्हा फलकापाशी. फोन वाजला की माझ्याआधी वळायचा. मला त्याच्याकडे बघून चक्कर यायची. एकदा मी म्हटलं, "अरे, बस की." तो बसला, आणि त्याचा गुडघा असा हलायला लागला की गल्ल्यावरचे पेन खाली पडले.

ऑक्टोबरात कारिन आली. मी तिला लहानपणापासून ओळखते, तिचा बाप माझ्या भावाबरोबर बंदरावर होता. ती पेल्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली आणि हवामानाविषयी बोलली, मग रस्त्यांविषयी, मग पुन्हा हवामानाविषयी. मी वाट बघितली. आमच्या लोकांना मुद्द्यावर यायला वेळ लागतो.

"बाबा त्याला दिवसातून दहादा विचारतात, तू कोण म्हणून," ती शेवटी म्हणाली. "तो दहादा हसून सांगतो. त्याबद्दल मला त्याचे पाय धरावेसे वाटतात. पण तो घरात टिकत नाही गं, व्हायोलामावशी. जेवताना उठतो. गाडी काढून उगाच पुलापर्यंत जाऊन येतो. त्याच्या जुन्या मुकादमानं नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत जागा धरून ठेवलीय. त्याच्या आदल्या रविवारी हो की नाही कळवायचंय."

"आणि तू?"

"मी बाबांना सोडून कुठं जाऊ?"

"म्हणजे तो तिकडे आणि तू इकडे?"

"आम्ही तसं काही बोललेलो नाही," ती म्हणाली. डुलूथची मुलगी, बोलणार कशी. पण डोळे भरले होते. "कुठलंही एक टेबल बघ. बायका नवऱ्याची दारू सुटावी म्हणून लोकांचे उंबरे झिजवतात, मी त्याला टेबल मिळावं म्हणून तुझ्याकडे आलेय. हसू नकोस."

मी हसत नव्हते. मला त्या दोघांची काळजी वाटायला लागली होती, आणि मला काळजी वाटली की मी चिडते. दुसऱ्या दिवशी डॉम आला तेव्हा मी फलकासमोर आडवी उभी राहिले.

"तुला कुणीच परत बोलावत नाही, का ते ठाऊक आहे?"

"ग्रेडी कामात असेल. आणि त्या बहिणींनी तर डबा..."

"तो निरोपाचा डबा होता."

त्याचं तोंड उघडं राहिलं. "निरोपाचा? मग तोंडावर सांगायचं ना! आमच्याकडे माणूस आवडला नाही तर त्याला तिथंच सांगतात, मग त्याला सँडविच देतात."

"आमच्याकडे तोंडावर फक्त हवामान सांगतात. आता ऐक. तू म्हणतोस मला खेळायचंय, आणि तू खेळायला बसतच नाहीस. दुसऱ्याच्या टेबलावर बसून त्याचा खेळ तू खेळवतोस. लोकांना अक्कल नको आहे, डॉम, त्यांना चुका करायच्यात. तेवढ्यासाठीच येतात ते."

नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसा त्याचा चेहरा लाल झाला, मग हळूहळू उतरला. तो फाशांच्या बरणीत बोट फिरवायला लागला. "मग करू काय मी?"

"गप्प बस."

"गप्प म्हणजे कसं?"

"अवघड असतं, पण लोक करतात."

माझ्याकडे एकच टेबल उरलं होतं, आणि ते माझ्याच दुकानाच्या मागल्या खोलीत होतं. ओरिन साथरचं. ओरिन खनिजाच्या जहाजांवर आचारी होता, सत्तरीचा, दीड वर्षापूर्वी त्याची बायको गेली. तो घरात कोपरा धरून बसला तेव्हा त्याच्या पुतणीनं, टेसनं, त्याला धरून आणलं आणि खेळवायला बसवलं. टेस टपाल वाटते, कुणाच्याही दारात उभी राहायला घाबरत नाही. तिसरा लाइल, बर्फ काढायच्या गाडीचा ड्रायव्हर, त्याच्या तोंडून अख्ख्या दुपारी चार वाक्यं निघाली तर खूप. ओरिननं पूर्ण उन्हाळा एकाच साहसाची तयारी केली होती. नकाशे स्वतःच्या हातानं काढलेले, रंगवलेले, चिकटपट्टी लावून जोडलेले. वाचताना ओळीखालून बोट फिरवायचा. दर रविवारी वेलदोड्याचा पाव भाजून आणायचा. माझी आणि त्यांची खोली यांच्यामध्ये फक्त एक पडदा आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं, आणि मी ऐकत नाही असं आम्ही सगळे मानतो.

पहिल्या रविवारी डॉमनं पात्र तयार केलं. नाव टोबिन, खाणीवरचा दोरवाला. "याचा भाऊ विहिरीत पडला तेव्हा हा झोपला होता," त्यानं सांगितलं. "तेव्हापासून कुणी हाक मारली की हा थांबू शकत नाही. जातोच." टेस म्हणाली, छान आहे. ओरिननं मान हलवली, चष्मा लावला आणि पिशवीतून त्या साहसाचं, फाटक्या निळ्या कव्हराचं छापील पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.

थोड्या वेळानं डॉम पडद्यातून बाहेर आला. चेहरा पांढरा पडला होता.

"मला ते ठाऊक आहे," तो कुजबुजला.

"काय?"

"ते पुस्तक. मिठाच्या खाणीचं. मी किती वेळा खेळवलंय देव जाणे. कुठल्या बोळात काय आहे, कुठल्या पेटीत साप आहे, सगळं तोंडपाठ."

आम्हा खेळणाऱ्यांत अशा वेळी सभ्य माणूस एकच वाक्य बोलतो, 'हे मी खेळवलंय.' मग खेळवणारा ठरवतो, गोष्ट बदलायची की माणूस बदलायचा. आणि हे वाक्य पहिल्याच दिवशी, पुस्तक उघडताक्षणी बोलायचं असतं. नंतर बोललं तर इतके दिवस तू आम्हाला फसवत होतास असा अर्थ होतो.

"मग आत जाऊन सांग," मी म्हटलं.

"सांगितलं तर काढतील मला."

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. ओरिन तळहातानं नकाशाची घडी सरळ करत होता, बायको टेबलक्लॉथची करत असेल तशी. मला स्वच्छ दिसलं काय होईल ते. डॉमला कुणी काढणार नव्हतं. ओरिन म्हणेल, अरे वा, काही हरकत नाही. पुस्तक मिटेल, पिशवीत ठेवेल आणि पुन्हा कधी उघडणार नाही. टेस त्याला दुसऱ्यांदा घराबाहेर काढू शकेल की नाही, याची मला शंका होती.

"तर मग सांगू नकोस," मी म्हटलं. बरोबर केलं की चूक, मला आजही नक्की सांगता येणार नाही. "पण मग तुला काहीच ठाऊक नाही. टोबिनला जे ठाऊक नाही ते तुला ठाऊक नाही. एक पाऊल जरी तुझ्या माहितीवर टाकलंस तर मी स्वतः आत येऊन तुला बाहेर काढीन."

"मेलो," डॉम म्हणाला आणि आत गेला.

पुढचे रविवार मी विसरणार नाही. माणसाला गप्प बसताना इतका घाम आलेला मी पाहिला नाही. लाइल विचारायचा, "डावीकडे की उजवीकडे?" आणि डॉम दातांवर दात ठेवून म्हणायचा, "मला काय विचारता, मी दोरवाला." डावीकडे काय आहे ते ठाऊक असताना तो डावीकडे गेला, खड्ड्यात पडला, कमरेत लचक भरून बाहेर आला. ओरिनला मशालींचा नियम आठवत नव्हता, चुकीचा सांगितला, तर डॉमनं वेलदोड्याच्या पावाचा एवढा मोठा तुकडा तोंडात कोंबला की बोलणंच शक्य नव्हतं. टेसनं सापाच्या पेटीला हात घातला तेव्हा तो तडक उठून माझ्याकडे कॉफीला आला. कप रिकामा करायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा रिकामा. "झालं का उघडून?" तो मला विचारायचा. "चावला का?"

"आत जाऊन बघ."

"जीव जातोय माझा."

आणि दर रविवारी शेवट एकच. ओरिन पुस्तक मिटायचा. सगळे दोन्ही हात गुडघ्यांवर आपटून म्हणायचे, "बरं तर," आणि उठायचे. पुढच्या वेळी ये, असं डॉमला कुणी म्हणायचं नाही. तो आपणहून जायचा, आत खुर्ची असायची, बसायचा.

"मला बोलावलंय की नाही?" तो मला विचारायचा.

"नको म्हणाले का?"

"इथं नको कुणी म्हणतच नाही, हे तुम्हीच सांगितलंत!"

मी ओरिनला विचारू शकले असते, पण मीही याच गावची. मुकादमाला कळवायचा रविवार जवळ येत होता. कारिन आता दुकानात यायची नाही, फक्त काचेबाहेरून हात करायची. डॉमनं एकदा मला सरळच सांगितलं, "पाहुणा म्हणून राहायला मला जमत नाही. घरी सासरेबुवा विचारतात तू कोण, कामावर विचारतात तू कुठला, इथंही कुणी काही म्हणत नाही. कुणीतरी एकानं तरी म्हणावं ना, हा आमचा म्हणून. नाहीतर मी जातो बाबा परत. कारिनला सोडून जायचं म्हटलं की रडू येतं, पण असं लटकत राहून मी तिच्याही काही कामाचा उरलेलो नाही."

तो शेवटचा रविवार. कारिन त्याला दारात सोडून बापाला शेजारणीकडे ठेवायला गेली. दोघांचे चेहरे रात्रभर न झोपल्यासारखे होते. डॉमच्या खिशात फोन होता आणि खेळ संपला की फिलाडेल्फियाला कळवायचं होतं.

आत टोळी खाणीच्या तळाशी पोचली होती. ओरिन हळूहळू वाचत होता. गोल खोली, मध्ये विहीर, विहिरीतून लहान मुलीचा आवाज. मदत करा, मदत करा. मी किटली खाली ठेवली. डॉमनं या जागेबद्दल मला आधीच सांगितलं होतं, दोन रविवार त्याला याचाच घोर लागला होता. विहिरीत मुलगी नाही. जो उतरेल त्याच्यावर पाणी चढतं, आणि फासे फार मोठे पडले तरच माणूस वर येतो. फिलाडेल्फियात त्याच्या टेबलावर कित्येक पात्रं तिथं बुडाली होती.

"मी उतरते," टेस म्हणाली. तिचं पात्र एक म्हातारी वैदीण होती, काकानं खेळायला शिकवल्या दिवसापासूनचं, तिचं पहिलंच. "मी तिला वर काढते."

लाइल म्हणाला, "हं."

डॉमची खुर्ची करकरली. मग पुन्हा करकरली. मी पडदा बाजूला केला, न ऐकण्याचं नाटक सोडून दिलं. तो उभा होता, दोन्ही मुठी टेबलावर. त्याला ओरडावंसं वाटत होतं ते मला इथून दिसत होतं. एक शब्द बोलला असता तर टेसची म्हातारी वाचली असती आणि त्याचा सगळा उपास वाया गेला असता.

"वैदीणबाई, थांबा," तो शेवटी म्हणाला. आवाज घोगरा होता. "दोर माझ्या कमरेला आहे. आणि कुणी हाक मारली की टोबिन थांबत नाही. टोबिन उतरतो."

मी त्यावर नंतर पुष्कळ विचार केला. टेसला वाचवायला तो माहितीवर खेळला का? पण टोबिन तसाही गेलाच असता, पहिल्या दिवसापासून तो तसाच होता, पुस्तक पिशवीतून निघायच्या आधीपासून. मी काही त्याला बाहेर काढलं नाही.

ओरिननं वर पाहिलं. ओळीखालचं बोट थांबलं.

"नक्की?" त्यानं विचारलं.

आता, हा शब्द. खेळवणारा 'नक्की?' म्हणाला की टेबलावरचा प्रत्येक जण समजतो, मागे फिर, अजून वेळ आहे. जगात जिथं जिथं हा खेळ चालतो तिथं हे न शिकवता कळतं. डॉमनं स्वतः हा शब्द पंचवीस वर्षं लोकांना बजावला होता. लाइलनं पाव खाणं थांबवलं. टेस म्हणाली, "डॉम, अरे, नको."

"नक्की," डॉम म्हणाला.

फासे त्यानं सगळ्यांसमोर टाकले. एक आणि तीन.

ओरिननं पुस्तक मिटलं आणि पहिल्यांदाच न वाचता सांगायला लागला. पाणी कसं घोट्याला लागलं, कसं थंड होतं, तळ्याचं नोव्हेंबरातलं पाणी असतं तसं थंड. टोबिननं वर बघितलं तर दोर टेसच्या हातात होता आणि ती ओढत होती. सगळे ओढत होते. शेवटी टोबिनला झोप यायला लागली आणि त्याला वाटलं, या वेळी मी जागा होतो. एवढंच. ओरिन चाळीस वर्षं पाण्यावर होता, त्यानं खरी बुडालेली माणसं पाहिली असणार. टेस डोळे पुसत होती. मीसुद्धा.

डॉमनं टोबिनचा कागद दुमडला, दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले आणि म्हणाला, "बरं तर." आणि उठला.

बाकी कुणीच उठलं नाही.

"बस," ओरिन म्हणाला.

डॉम बसला.

"हे तू खेळवलंयस."

डॉमचा चेहरा असा झाला की मला आत धावून जावंसं वाटलं. "हो," तो म्हणाला. "पुष्कळदा. मी सांगायला हवं होतं."

"सांगायला हवं होतंस," ओरिन म्हणाला. "मला पहिल्याच रविवारी कळलं. मी पान उलटायच्या आत तुझा चेहरा पडायचा."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"तू बोलला नाहीस." ओरिननं चष्मा काढला आणि शर्टानं पुसला. "म्हटलं बघू, काय करतोस. डावीकडच्या खड्ड्यात पडलास. सापाच्या वेळी कॉफी प्यायला गेलास. माझा मशालींचा नियम चुकीचा होता, होता ना?"

"साफ चुकीचा," डॉम म्हणाला, कारण काही झालं तरी तो डॉम होता.

"मी 'नक्की' विचारलं ते टोबिनला नाही विचारलं, तुला विचारलं." ओरिननं पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि टेबलावरून त्याच्याकडे सरकवला. "पुढच्या रविवारी दुसरा कुणीतरी होऊन ये. आणि जेवून येऊ नकोस, मी सूप करतोय. ही खाण संपली की तू मला शिकव, मशालींचं आणि बाकीचं. खेळवायचं मीच, पण शिकव."

मी आयुष्यभर या गावात राहते. ओरिनच्या पिढीच्या माणसाच्या तोंडून इतकं सरळ बोलणं मी लग्नाच्या मागणीतही ऐकलेलं नाही. लाइल म्हणाला, "ये रे," आणि हे त्याचं त्या दिवसाचं चौथं वाक्य असावं.

डॉमनं कागद घेतला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तो गप्प बसायचं म्हणून नाही, तर बोलता येईना म्हणून गप्प बसला.

दुकानाचं दार वाजलं. कारिन आली होती, टोपीवर बर्फ, हातमोजे न काढता. तो पडद्यातून बाहेर आला तसं तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला काही कळेना.

"काय झालं?"

"मेलो," डॉम म्हणाला.

"म्हणजे?"

"विहिरीत बुडून मेलो, कारिन. आणि ते म्हणाले, पुढच्या रविवारी ये."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती काही विचारणार तेवढ्यात त्यानं खिशातून फोन काढला आणि तिथंच, गल्ल्यासमोर उभ्यानं मुकादमाला लावला. "मी डॉम. नाही, येत नाही. नाही, इथं पगार काही जास्त नाही. अरे बाबा, ऐक तर, रविवारी मला इथं यायचं असतं."

कारिन रडली, आमच्याकडची माणसं रडतात तशी, म्हणजे पाठ फिरवून, फलकावरच्या चिठ्ठ्या वाचत असल्यासारखी, एकेक करून, अगदी शेवटच्या चिठ्ठीपर्यंत.